पहिला थेंब ह्यांच्या कानात

एवढ्याशा कानासाठी डॉक्टर कशाला, असं मी म्हटलं आणि तिथेच सगळं बिघडलं.

कान आमच्या चोपदाराचा. चोपदार म्हणजे आमचा कुत्रा. दाराशी कोण आलं याची वर्दी देतो म्हणून ते नाव. पण त्याची खरी नोकरी वेगळीच. आमचे हे घड्याळजी. ह्यांचे कान कधीचेच गेलेत, हात मात्र अजून तरण्या पोराचे. घड्याळ दुरुस्त झालं की हे ते चोपदारापुढे ठेवतात. टिकटिक नीट चालली असेल तर तो कान पाडून झोपतो. लंगडत असेल तर मान वाकडी करून ह्यांच्याकडे बघतो, आणि हे मुकाट्याने घड्याळ पुन्हा उघडतात. शाळेत मी गेले नाही, तोही गेला नाही, पण त्याच्यासारखा कान देवाने दुसऱ्या कुणाला दिला नसेल. कितीदा मी हातातलं काम टाकून नुसती बघत राहायचे.

तर त्या सकाळी चोपदार डावा कान खाजवून खाजवून रडायला लागला. पुढ्यात कुठलंही घड्याळ ठेवा, मान वाकडीच. घड्याळ बिघडलंय की कान, ह्यांना कळेना. हे हत्यारं आवरून हातावर हात ठेवून बसले. ह्यांना असं रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"आई, डॉक्टरकडे नेऊ या त्याला." सून ऑफिसला निघाली होती, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"अगं, माझं लसणाचं तेल आहे की! या घरातला एक तरी कान त्याच्यावाचून राहिलाय का?"

आता माझा एक नियम आहे. कान कुणाचाही दुखो, पहिला थेंब ह्यांच्या कानात. हे ओरडले तर तेल गरम, गप्प राहिले तर बेताचं. (थर्मामीटर मला वाचता येत नाही. ह्यांचं तोंड वाचता येतं.) वर कापसाचा बोळा, तेल बाहेर येऊ नये म्हणून. पूर्वी हे फार ओरडायचे. हल्ली कित्येक वर्षांत हूं की चूं नाही. मला वाटायचं, माझा हात बसला.

हे गप्प राहिले. मी चोपदाराच्या कानात चमचा रिकामा केला.

बाई बाई बाई! त्याने एकदाच डोकं झाडलं. चमचाभर तेल ते, पण भिंतीवर, छतावर, ह्यांच्या चष्म्यावर! आणि सुनेच्या कपड्यांवर तर अशी नक्षी उठली, की दुकानात मागून मिळाली नसती.

"आई," सून अगदी हळू म्हणाली. (ओरडली असती तर मी घाबरले नसते.) "गाडीत बसा. सगळेच."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बारीक दिवा कानात घातला, चिमटा घातला आणि गवताचं एक कुसळ बाहेर काढलं. "एवढंच होतं. पण आजी, तुमच्या तेलाने आत भाजलंय. पडदा फाटलेला असता तर कायमचा बहिरा झाला असता."

मी पदराने चोपदाराचा कान टिपायला लागले. बाईंना दया आली असावी. म्हणाल्या, "हा उजवा चांगला कान बघा, या."

मी डोळा लावला. गुलाबी बोगदा, विहिरीसारखा खाली उतरलेला, आणि तळाशी आडवा वळलेला. अगदी आत शिंपल्याच्या पोटासारखा चमकणारा पडदा. इवलासा! त्याच्यावर टिकटिक येऊन आदळते आणि याला खरंखोटं कळतं? मी दिव्यालाच नमस्कार केला.

"पण बाई, तेल गरम नव्हतं हो," मी म्हटलं. "ह्यांच्या कानात आधी घालून बघितलं."

"आजोबांच्या? नेहमी घालता?"

"लग्न झाल्यापासून."

बाईंनी सुनेकडे बघितलं. मग दिवा ह्यांच्या कानाकडे वळला. "मी जनावरांची डॉक्टर आहे हो, पण... आजी, इथे कापूस आहे. आणि त्याच्यामागेही कापूसच आहे."

समोरच माणसांच्या कानाचे डॉक्टर होते. जादूगार रुमाल काढतो तसे त्यांनी ह्यांच्या कानांतून एकामागून एक बोळे काढले. माझं तेल आत पोचतच नव्हतं, मग हे ओरडणार कशाला!

घरी येऊन ह्यांनी एक घड्याळ उचललं आणि स्वतःच्या कानाला लावलं. डोळे मिटले. गालावरून पाणी ओघळलं. चोपदार ह्यांच्या पायाशी, औषध घातलेला कान वर करून. दोघंही एकच टिकटिक ऐकत होते. मी दारात उभी राहिले, बोलायचंसुद्धा सुचेना.

(तेवढ्यापुरतंच. पुढे सुचलं.)

चोपदार आठवड्यात बरा झाला. हे कामाला लागले. आणि काल दुपारी मी ओट्यापाशी नेहमीसारखी आपल्याशीच बोलत होते, तर हे स्वयंपाकघरात आले. हातात तेलाची वाटी.

"अगं, कानात जरा कसंतरी होतंय. तेल राहू दे, नुसता कापूस घाल."