ओतशाळेच्या विड्याची हकिकत

श्री कुलस्वामिनी जागती. बोलवून घेणारी तीच आणि जीभ आवळणारीही तीच, तिला दंडवत घालून हे लिहिले.

शके सोळाशे त्र्याण्णव, खर नाम संवत्सर, भाद्रपद मास. ते समयी एक राज्य होते. त्याचे नाव लिहिण्याची आज्ञा नाही, आणि लिहिले तरी कोणी भूषण मानील ऐसे नाही. तेथील महाराजांनी मनी आणिले की दसऱ्यास नवी थोर तोफ डागावी आणि शेजारच्या राज्याचा वकील सोहळ्यास येईल त्याची छाती दडपावी. मग समुद्रापलीकडून रेमूसाहेब म्हणून टोपीकर आणविला आणि तोफांची ओतशाळा त्याचे हवाली केली. साहेब कामात बाका, मनाचा सरळ, आणि रीतीभातीत अगदी कोरा. त्याचे मुलखी कारागिरास काम चुकते ऐसे वाटले तर त्याने उस्तादाचे तोंडावर सांगावे, न सांगेल तो बेइमान. आपले राज्यी उलटे. धन्यास चारचौघांत 'नाही' म्हणणे म्हणजे त्याची पगडी भुईस पाडणे. म्हणोन दरबारात काम सांगताना तबकात विडा ठेवीत. उचलला तर काम पत्करिले. न उचलला तर काम होणार नाही ऐसे समजावे, आणि धन्याने दुसरी गोष्ट काढावी, मग एकांती कारण पुसावे. यात कोणाचीच अब्रू जात नसे. ही रीत पोरासोरांस ठाऊक. साहेबास येऊन सात महिने जाहले, परंतु त्यास कोणी सांगितली नाही, कारण इतकेही एखाद्यास ठाऊक नसेल हे कोणाचे डोक्यातच आले नाही.

या दोहोंमध्ये दुभाषी नारोपंत शेणवी. दोन्ही बोल्या त्याचे मुखी पाण्यासारख्या, आणि त्याचे ब्रीद ऐसे की अलीकडून कडू आले तर गोड करून पलीकडे द्यावे. साहेब ओरडे, 'हे गाढवाचे काम!' तर पंत सांगे, 'साहेब म्हणतात, किंचित पुन्हा पाहावे.' कारागीर म्हणत, 'या टोपीवाल्याला काय डोंबल कळतंय!' तर पंत सांगे, 'आपली तारीफ करितात.' यामुळे सात महिने ओतशाळेत भांडण म्हणून जाहले नाही, आणि पंतास वाटे की हे सारे राज्य आपले जिभेवर तरले आहे. बिचाऱ्यास खरेच तसे वाटे.

कारागिरांत मुख्य सटवाजी ओतारी. त्या साली पाऊस हटेना, आणि तोफेच्या साच्याची माती आतून ओली ती ओलीच. सटवाजी रोज सकाळी साच्यावर तळहात ठेवून ओल पाही. ओल्या साच्यात धातूचा तापला रस पडला तर आत वाफ कोंडते आणि साचा फुटतो, हे त्यास बापाने शिकविले होते, आणि ते शिकताना बापाचा एक डोळा गेला होता. मग दरबाराचे आदले दिवशी तो बायकोस, कोंडाबाईस, बोलिला, "उद्या विडा उचलायचा न्हाई. साचा वाळाया म्हैना तरी लागंल. दसरा टळला तर टळू दे, मानसं तरी वाचतील."

दुसरे दिवशी दरबार भरला. महाराज गादीवर, शेजारी परराज्याचा वकील मिशीवर हात फिरवीत बैसला, आणि सटवाजीपुढे तबक आले. साहेब पंतास म्हणाला, "त्यास पुसा, काही अडचण आहे काय? असेल तर येथेच बोल म्हणावे, मी रागावणार नाही." पंताने तसे पुसिले. सटवाजी चकित जाहला. परक्या वकिलासमोर आपल्याच धन्याची फजिती कर म्हणतो, ही परीक्षा की काय? मग त्याने तबकाकडे पाहिले, हात जोडिले आणि "हुजूर मायबाप" इतके बोलून उभा राहिला. विडा जागचे जागी. सारा दरबार उमगला. दिवाण तर रीतीप्रमाणे हत्तीच्या झुलींची गोष्ट काढून मोकळेही जाहले. येथे साहेब गप्प बसता तर दसरा तोफेवाचून गेला असता, अधिक काही नाही.

परंतु साहेबाने पंतास पुसिले, "तो पान का घेत नाही?" पंताने मनात हिशेब मांडिला. खरे सांगावे तर साहेब भर सभेत ओरडेल, वकील हसेल, महाराजांचा रोष होईल, आणि सात महिन्यांची सारी गोडी एका घटकेत उघडी पडेल. मग तो बोलिला, "लाजाळू आहे, साहेब. आपले हातून मिळावा ऐसी त्याची इच्छा आहे." साहेब संतोषला, उठला, आणि स्वहस्ते विडा उचलून सटवाजीचे हाती दिला, वर खांदाही थोपटिला. आता धन्याचे हातचा विडा परत करणे म्हणजे राजद्रोह. सटवाजीने एकवार पंताकडे पाहिले, आणि विडा तोंडात घातला. लोक कुजबुजले की टोपीकर सर्व जाणतो आणि तरी माणसे मारावयास निघाला. सटवाजीच्या त्या नजरेने पंताचे अन्न तुटले, परंतु जीभ काही हलली नाही.

आश्विन शुद्ध प्रतिपदेस सकाळी भट्ट्या पेटल्या. साहेबाने पुन्हा पुसिले, "साचा वाळला काय?" सटवाजी म्हणाला, "हुजुरांनी हातानं विडा दिला, आता मला कशाला इचारता?" पंताने सांगितले, "तयार आहे म्हणतो." मग सटवाजीने नवी लग्ने जाहलेल्या गड्यांस पाणी आणावयास नदीवर धाडिले आणि नऊ म्हातारे जवळ ठेविले. हे पाहून पंत सर्व उमगला. एक शब्द ओरडला असता तर पुरे होते. तो पन्नास पावले मागे सरकला.

रस साच्यात पडला आणि आवाज जाहला. वकील वाड्यात होता, त्यास वाटले तोफच डागली, आणि तो वाहवा बोलिला. साहेब भट्टीच्या आडोशास होता म्हणोन वाचला, आणि धावत जाऊन उघड्या हातांनी विटा उपसू लागला, ते हात कोपरापर्यंत भाजले. सटवाजी त्याच्या चांदीच्या कड्यावरून ओळखिला. बाकी नऊ जण ओळखू आले नाहीत.

दहावे दिवशी साहेब हात बांधून कोंडाबाईचे दारी गेला, संगे पंत. साहेब रडत बोलिला, "बाईस पुसा, तिच्या धन्यास ठाऊक होते काय? मी दोनदा विचारिले. तो मजला का बोलिला नाही?" पंताने पुसिले. कोंडाबाई उंबऱ्यावर उभी राहिली आणि म्हणाली, "विडा तबकात तसाच ऱ्हायला व्हता, अख्ख्या दरबारानं पायलं. आनी कसं सांगायचं व्हतं मानसानं? सायबाला म्हनावं, माझा धनी बोलला व्हता. तूच ऐकलं न्हाईस."

पंताने तोंड उघडिले. हे जसेच्या तसे पलीकडे गेले तर साहेब पुढले पुसणार, त्या दिवशी तू मला काय सांगितलेस? पंत बोलिला, "बाई म्हणते, दैवाची गोष्ट. आपणास दोष नाही." साहेबाने छातीशी हात नेऊन मान लवविली. कोंडाबाईस वाटले, याने ऐकिले आणि कबूल केले. ती आत गेली आणि दहा दिवसांत पहिल्याने मोठ्याने रडली.

तात्पर्य इतकेच. तोफ जाहली नाही, माणसे दहा गेली. साहेब मरेतो सांगे की त्या मुलखीचे लोक जीव देतील परंतु खरे बोलणार नाहीत. लोक सांगत की टोपीकर जाणोनबुजोन माणसे मारितो. दोन्ही खोटे. खरे जाणणारा एकच होता, आणि कार्तिकात नव्या तोफेचा दरबार भरला तेव्हा सरकारांनी त्यास शाल देऊन पुन्हा दोघांमध्ये उभे केले.