पडजीभ दाखवा

मुलांची पडजीभ पाहिल्याशिवाय शिमोनमास्तर पेटीला हात लावत नसत. शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या आमच्या रविवारच्या शाळेत, आम्ही वीसेक पोरं सतरंजीवर ओळीनं उभी राहायचो आणि मास्तर चष्मा कपाळावर चढवून एकेकाच्या तोंडात डोकावायचे. आदल्या दिवशी शाळेत मिळालेली सुकडी खाऊन आलेला तिथंच सापडायचा.

"देवाला पडजीभ दिसली पायजे. ओठातल्या ओठात गायाचं आसंल तर घरी बसा," हे त्यांचं ठरलेलं.

मास्तर तोफखान्यातून पेन्शनीत निघून मेढ्याला आलेले. चर्चमागच्या खोलीत एकटेच राहायचे. हरवलेल्या मेंढराचं गीतसुद्धा ते आम्हाला कवायतीवर म्हणायला लावत. मेंढरू हरवलं की डावा पाय, सापडलं की उजवा. माझा आवाज मोठा, फाटका आणि सुराशी त्याची ओळखच नव्हती. घरात मला गप्प बसवत, पण मास्तर मला पेटीला खेटून उभी करायचे. "रूथचा आवाज लय कामाचा हाय," म्हणायचे. त्यामुळे मी कायम हवेत.

मास्तरांचे कान गेलेत, नाताळानंतर पेटी साताऱ्याच्या एका तरुणाला द्यावी, असं नवे पाळकसाहेब म्हणू लागले होते. ते घरी माझ्या कानावर आलं आणि मास्तरांना खरंच ऐकू येतं का ते बघायची मला खोडी सुचली. एका रविवारी मी सगळ्यांना पटवलं, तोंडं उघडायची पण आवाज काढायचा नाही.

चारही कडवी आम्ही नुसता आ वासून उभे होतो. पेटी एकटीच वाजत होती. शेवटी मास्तरांनी भाता मिटला आणि चष्मा पुसला.

"आज लय ग्वाड गायला."

कुणीच हसलं नाही. मला स्वतःची इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही. दुपारी मी त्यांच्या खोलीवर गेले आणि कानाशी ओरडून सगळं कबूल केलं. मास्तर दुधात भाकरी कुस्करत होते. रागावायचं सोडून त्यांनी मला आ करायला लावलं.

"गाताना पडजीभ हालती. आज एकाची बी हालली न्हाई. मला काय दिसत न्हाई व्हय?"

मग तेव्हाच का नाही बोललात, मी विचारलं.

"रागावलो आसतो तर फुडल्या रविवारी आला नसता." ते वाटीत बघत म्हणाले. "पेटी गेली तर जाऊ दे. तुमी न्हाई आला तर मी आठवडाभर कुणाची वाट बघू?"

नाताळात पाळकसाहेब पहिल्या बाकावर बसले होते. आम्ही सगळ्यांनी घसा फुटेस्तोवर गायलं. माझा सूर साफ चुकला. मास्तर पेटीकडे बघतच नव्हते, आमच्या उघड्या तोंडांकडे बघत वाजवत होते, आणि एकदाही चुकले नाहीत. पेटीचा विषय पाळकसाहेबांनी पुन्हा काढला नाही.