तुमच्या अपेक्षा काय?

"वायफाय पायजे," अनिल मयेकर म्हणाले आणि विषय संपल्यासारखा त्यांनी चहा बशीत ओतला.

"ते कळलं, काका. पण तुमच्या अपेक्षा काय आहेत?" विनीत शिवलकरने विचारलं.

अनिलकाकांना आयुष्यात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. त्यांनी बशीतला चहा संपवला. "चालावं," शेवटी ते म्हणाले.

मांडवीला मयेकरांचं छोटं गेस्ट हाउस होतं. महिनाअखेरीला पुण्याच्या एका कंपनीची तीस माणसं तिथे आठवडाभर राहून काम करणार होती आणि सगळी एकाच वेळी कॉम्प्युटरवर मीटिंगा घेणार होती. नेट अडखळलं तर आम्ही दुसरीकडे जाऊ, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. विनीतने पुण्यातली नोकरी सोडून रत्नागिरीत स्वतःचं काम सुरू केलं होतं आणि हे पहिलंच मोठं काम होतं. ते फसलं तर जुन्या साहेबापुढे जाऊन मान खाली घालायची, एवढाच रस्ता उरत होता. म्हणून भिंतीला पहिलं भोक पाडण्याआधी तो घरातल्या प्रत्येकाला अपेक्षा विचारत सुटला होता.

बुकिंगचं सगळं अनिलकाकांची मुलगी शमिका बघायची. विनीत पडवीत तिच्यासमोर बसला.

"तुमच्या अपेक्षा काय?"

"भरवसा," शमिका म्हणाली. "आधीच्याने फार मनस्ताप दिला. चार दिवस गोड गोड, मग पाऊस पडला की गायब. फोनसुद्धा उचलायचा नाही."

"माझ्याकडून तसं होणार नाही. आणि घरच्यांचं म्हणणं?"

"बाबांचं काही म्हणणं नसतं."

"मग रविवारी सगळ्यांसमोर एकदा बघून घेऊ. तीस माणसं जमवता येतील? तेवढी माणसं एकदम आल्याशिवाय मला पक्कं सांगता येणार नाही."

आतल्या खोलीत अनिलकाकांची मोठी बहीण, अलोऱ्याची यमुनाआत्या, आडवी झाली होती. एवढं ऐकल्यावर तिची झोप उडाली. भाचीचं ठरतंय आणि आपल्याला पत्ता नाही, याचा तिला राग आला होता. दुपारच्याच एसटीने ती अलोऱ्याला परतली आणि तिने फक्त जवळच्या माणसांना सांगितलं. तिची जवळची माणसं चिपळूणपासून लांज्यापर्यंत पसरलेली होती.

विनीत आठवडाभर राबला. चिऱ्याच्या जाड भिंती सिग्नल गिळून टाकत होत्या, म्हणून त्याने खोलीखोलीत वायर नेली. एक लाइन गेली तर दुसरी आपोआप चालू व्हावी, अशी सोय केली. अनिलकाकांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगून ठेवलं, "रविवारी चहाला या. मोबाइल घेऊन या."

रविवारी शेजाऱ्यांच्या आधी दोन सुमो आल्या. बायका रेशमी साड्यांत, पुरुष कडक इस्त्रीत. कोणाच्या हातात पेढे, कोणाच्या हातात नारळ.

"माणसं चांगली हायत हो," अनिलकाका भारावून म्हणाले. "टेस्टिंगला पण नटून आली."

शेजारीही येऊन बसले, तसं विनीत म्हणाला, "सगळ्यांनी मोबाइल काढा."

"काढू, काढू. आधी तू बस," म्हणत यमुनाआत्याने त्याला मधल्या खुर्चीत बसवलं. "गाव खयचं?"

"लांजा."

"घर स्वतःचं?"

"हो. पण त्याचा इथे..."

"मासे खातोस मा?"

"खातो."

हॉलभर समाधान पसरलं. कंत्राटदाराची चौकशी करायचा गिऱ्हाइकाला हक्कच आहे, असं मनाशी म्हणून विनीत प्रामाणिकपणे उत्तरं देत राहिला. नोकरी सोडली हे सांगितल्यावर बायका एकमेकींकडे बघू लागल्या. हे पहिलंच काम आहे म्हटल्यावर पुरुषही बघू लागले. तरीही आत्याने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला. तेव्हा कुठे हे वायफायचं चाललेलं नाही, हे विनीतला कळलं.

शमिका पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थिजली. "आत्या, हे काय चाललंय?"

"काय म्हणजे? आधीच्याने फसवलंन, म्हणून तू लपवलंस. मी काय मनाला लावून घेतलं नाय हां बाय."

विनीतने खुलासा करायला तोंड उघडलं आणि त्याच क्षणी सगळे मोबाइल बाहेर आले. प्रत्येकाला आपापल्या माणसांना मुलगा दाखवायचा होता. कोणी विक्रोळीला फोन लावला, कोणी डोंबिवलीला. आत्याचा फोन चार्जिंगला होता, म्हणून तिने जावेचा घेतला आणि बोटीवर असलेल्या धाकट्या भावाला, बाबूला गाठलं. विनीतने लॅपटॉपकडे पाहिलं. तिसाच्या वर फोन, सगळ्यांवर व्हिडिओ, आणि लाइन जराही अडखळत नव्हती. पैसे देऊनही अशी चाचणी मिळाली नसती. खरं सांगितलं असतं तर सगळे फोन बंद झाले असते.

"पाच मिनिटं," तो काकुळतीने शमिकाला म्हणाला. ती त्याच्या शेजारी उभी राहिली. चेहरा इंजेक्शन घ्यायला आल्यासारखा.

आता एकच परीक्षा उरली होती. विनीत हातातल्या नारळासकट उठला, काउंटरमागे गेला आणि त्याने मुख्य लाइनची वायर उपटली.

तिसाच्या वर चेहरे जागच्या जागी गोठले. बोटीवरचा बाबू "सुखी" म्हणून तोंड उघडं ठेवून राहिला. दुसरी लाइन आलीच नाही.

"बाबू गेला!" आत्या किंचाळली. "मेल्या, काय केलंस?"

"वायर काढली."

"मुद्दाम?"

"हो. काय होतं ते बघायला."

हे उत्तर त्याला भोवलं.

"चांगलं चाललेलं मोडून बघतो हा!" एक म्हातारे गृहस्थ म्हणाले. "उद्या संसाराची वायर काढील!"

वडीलधारी मंडळी कोपऱ्यात जमली, कुजबुजली आणि परत आली. "आमका मुलगा पसंत नाय," आत्याने जाहीर केलं आणि त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.

विनीतने सगळं समजावून सांगितलं. अनिलकाकांनी सांगितलं, शमिकाने शपथेवर सांगितलं. पण नकार मिळाल्यावर मुलाकडचे असंच बोलतात, असं सगळ्यांचं मत पडलं. पोहे खाऊन, पेढे परत घेऊन दोन्ही सुमो निघून गेल्या. त्यांच्या मागोमाग शेजारीही गेले.

विनीतने काउंटरखाली वाकून पाहिलं. दुसऱ्या लाइनच्या डब्याची पिन कोणीतरी काढून ठेवली होती आणि त्या जागी आत्याने आपला चार्जर लावला होता. घाईत तो तसाच राहिला होता. त्याने पिन परत लावली. हिरवा दिवा लागला. तो तिथेच फरशीवर डोकं धरून बसला. जे लग्न त्याला करायचंच नव्हतं, ते मोडल्याचं वाईट वाटावं, याचंच त्याला जास्त वाईट वाटत होतं.

"आता जमलं ना?" अनिलकाकांनी विचारलं.

"जमलंय बहुतेक. पण पुन्हा तीस फोन चालू असताना वायर काढून बघितल्याशिवाय मी खात्री देणार नाही."

"परत तीस माणसं खयसून आणू? तुझ्या पायी आता कुत्रं फिरकायचं नाय दारात."

शमिकाने तेवढ्यात फोन कानाला लावला होता. "आत्या, पोचलात काय गो?... रडू नको. हो, बरं झालं सुटलो... चार्जर आहे इथे, ठेवते मी... आणि ऐक, पुढच्या रविवारी दुसरं स्थळ येतंय. सगळ्यांना घेऊन ये."

मग फोनवर हात ठेवून तिने विनीतकडे पाहिलं.

"खुर्चीत बसायला एखादा मित्र बघा," ती म्हणाली. "वायर तुम्ही काढा."