पानी मार, पोरी!

सोपानतात्या माणसाच्या तोंडावरच्या पुटकुळ्या ब्रासमध्ये मोजतात. तेलगावातल्या माझ्या औषधाच्या दुकानात एखादं कॉलेजचं पोरगं आलं, की हे बाकावरून मान तिरकी करून जाहीर करणार, "दीड ब्रास हाय!" पोरगं बिचारं मलम न घेताच पळतं. तात्यांची सारी हयात ब्रासच्या मापाने रस्त्यावर टाकलेल्या मुरमावर रोलर फिरवण्यात गेली. लोक तोंडावरच्यालाही मुरूमच म्हणतात, त्यात माझा काय दोष, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या लेकीला, शीतलला, मुरूम आले, तेव्हा मात्र मोजणी बंद पडली. पोरगी आधी रडायची, मग माजलगावच्या कॉलेजात जाईचना. तात्यांनी तिला बीडच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लावायला मलम आणि तीन महिन्यांचा कॅप्सूलचा कोर्स दिला. जेवणानंतर ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

"मुरूम म्हनलं की रोलरच्या आधी पानी आलंच!" तात्या खूश. रोज तांब्या घेऊन तिच्या पुढ्यात उभे. "पानी मार, पोरी, पानी मार!" मग ती अर्धा तास ताठ बसणार आणि हे अंगणात येरझाऱ्या घालणार.

तिसऱ्या आठवड्यात त्यांचा धीर सुटला. दिवसातून चार वेळा दुकानात.

"भाऊ, दोन-दोन दिल्या तर लवकर सपाट व्हईल का?"

"डॉक्टरांनी सांगितल्यात तेवढ्याच, तात्या."

"कावून? दोन का न्हाई?"

"रोलर जोरात पळवला तर रस्ता लवकर होतो का?"

तात्यांना पटलं, पण ते बाकावर काही टेकले नाहीत. मला हसू यायचं, वैतागही यायचा.

दुसरा महिना संपता संपता पुटकुळ्या उतरणीला लागल्या. गेल्या सोमवारी सकाळी तात्या धापा टाकत आले.

"शीतल कॉलेजला निघाली! तुमी स्टँडवर जाऊन बघा ना, बसली का गाडीत."

"तुम्हीच जा की!"

त्यांनी खड्डे पडलेल्या गालावरून हात फिरवला. "आमच्या टायमाला असलं औषध कुटं होतं? माझं तोंड बघून पोरं तिला चिडवतील, भाऊ."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं रोज समोर बसणाऱ्या माणसाचे गाल मी धड पाहिलेच नव्हते. दुकान तसंच टाकून पळालो.

कंडक्टर ओरडत होता, तरी शीतल बसच्या पायरीवरच उभी होती, गावाकडच्या रस्त्याला डोळे लावून.

"काका," ती म्हणाली, "तात्या कावून न्हाई आले?"