तेवढंच सिद्ध होतं

दिनकर वकिलांना कोणताही आरोप सबंध गिळता येत नसे. तो कुणावरही असो, ते आधी तो सोलून बघत.

जव्हारच्या कोर्टात माझा पहिलाच दिवस होता. बस चुकल्यामुळे मी उशिरा पोचले. बाररूममध्ये एक ज्येष्ठ वकील माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ही पोरगी काही कामाची नाही."

कोपऱ्यात एक काळासावळा, बुटका माणूस बशीत चहा ओतून पीत बसला होता. बशी खाली ठेवून तो शांतपणे म्हणाला, "कामाची नाही, हे सिद्ध होत नाही. उशिरा आली. तेवढंच सिद्ध होतं."

तेच दिनकर वकील. त्याच दिवशी मी त्यांची ज्युनियर झाले.

"मोठ्या गुन्ह्याच्या पोटात लहान गुन्हा असतो, पोरी," ते सांगत. "मोठा सिद्ध झाला नाही, तरी लहान उरतो. जबरी चोरीतली जबरी गेली, तरी चोरी राहते. त्यासाठी वेगळा आरोप ठेवावा लागत नाही." नवे कायदे आले, कलमांचे आकडे बदलले. बाकीचे वकील नवी पुस्तकं घेऊन पाठांतराला बसले. दिनकर वकील म्हणाले, "आकडे बदलले. पोट तेच आहे."

मला हा नियम खरा समजला तो त्यांच्या कुत्र्यामुळे. शेजारच्या मावशी एकदा तणतणत आल्या. "तुमचं कुत्रं घरात घुसलं, माझ्या अंगावर आलं आणि नागलीची भाकर घेऊन पळालं!"

"अंगावर आलं म्हणजे? चावायला?"

"तसं नाय. भाकर माझ्या हातात होती ना."

"म्हणजे भाकरीवर आलं. हल्ला गेला, चोरी राहिली. कबूल." त्यांनी आत जाऊन दोन भाकऱ्या आणून दिल्या.

मावशींना जोर चढला. "आणि रात्रभर भुंकतं, त्याचं काय?"

"ते चोरीच्या पोटात बसत नाही. त्याची तक्रार वेगळी करा."

"आणि माझ्या नातवाला चावलं असतं तर?"

"लहान आरोप करून मोठी शिक्षा मागता येत नाही, मावशी. पोट मोठ्याला असतं, लहानाला नाही."

मावशींना यातलं काही पटलं नाही. भाकऱ्या मात्र त्यांनी नेल्या.

मग लहानूची केस आली. लहानू पोशेरा गावचा. बांधावरच्या मोहाच्या झाडावरून त्याचं सख्ख्या भावाशी, सोमाशी भांडण झालं होतं. आरोप होता, कोयत्यानं मारून सोमाचा हात मोडला. सिद्ध झाला असता तर लहानू काही वर्षं आत गेला असता. घरी म्हातारी आई, दोन लेकरं आणि बायको.

लहानू पहिल्या भेटीतच म्हणाला, "सायेब, कोयता मारला नाय. थापड मारली. थापड मारली नाय, असं मात्र बोलू नका."

"का रे?" मी विचारलं.

"सोमा समोर बसंल ना. त्याच्यासमोर खोटं कसं बोलू?"

साक्षीला सोमा उभा राहिला. हात बरा झाला होता, पण तो पोटाशीच धरून होता. दिनकर वकिलांनी विचारलं, "कोयता होता?"

"होता. त्याच्या खांद्यावर."

"मारलं कशानं?"

"हातानं. तोंडात."

"मग हात कसा मोडला?"

"तो चालला घरी. मी दगड घेऊन त्याच्यामागं पळालो. बांधावरून पाय घसरला."

"पोलिसांना कोयता का सांगितला?"

"लोक बोलले, कोयता घाल, नायतर केस उभी राहत नाय."

पडल्यानंही हाड मोडू शकतं, हे डॉक्टरांनीही मान्य केलं. मी उत्साहानं कुजबुजले, "सर, आता निर्दोषच मागा! थापडेचा आरोप ठेवलेलाच नाही."

"मी तुला इतके दिवस काय शिकवलं?" ते म्हणाले आणि उठून न्यायाधीशांकडे वळले. "कोयता गेला, साहेब. मोडलेला हातही गेला. थापड राहते. माझ्या अशिलाला ती मान्य आहे."

लहानूनं स्वतःच्या जबाबातही तेच सांगितलं. न्यायाधीशांनी निकाल दिला: गंभीर दुखापत सिद्ध नाही, साधी दुखापत सिद्ध. ती मोठ्या आरोपातच सामावलेली असल्यानं वेगळ्या आरोपाची गरज नाही. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर लहानूला सोडलं.

दोघे भाऊ बाहेर आले. मोखाड्याची जीप भरत आली होती. लहानू आधी चढला आणि सरकून बसला. सोमा त्या जागेत बसला.

जीप गेली, तरी दिनकर वकील तिथंच उभे होते. मग म्हणाले, "तुझी स्कूटर आहे ना? मला जामसरला सोड."

"तिथं कोण आहे?"

"भाऊ."

त्यांना भाऊ आहे हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. जामसरला एका खाचराशी त्यांनी थांबायला सांगितलं. भाताची आवणी चालू होती. एक म्हातारा गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होता. चेहरा हुबेहूब यांचाच.

दिनकर वकील बांधावर उभे राहिले.

"तू बोललास, मी बापाला मारलं," ते म्हणाले. "मारलं नाय मी. पण त्यानं बोलावलं तेव्हा आलो नाय. ते खरं आहे."

म्हातारा सरळ झाला. मग म्हणाला, "मरेपर्यंत दाराकडं बघत होता."

"मना ठावं आहे."

म्हाताऱ्यानं हातातली रोपांची जुडी सोडून अर्धी केली आणि अर्धी पुढे धरली. "उतर. ऊन आहे तोवर हे खाचर होऊन जाईल."

दिनकर वकिलांनी काळा कोट काढून माझ्याकडे दिला, पँट दुमडली आणि ते चिखलात उतरले. त्यांची ओळ फार वाकडी येत होती. भाऊ मागून येऊन एकेक रोप उपटून सरळ लावत होता.