अप्पा पाणी प्यायला येतात

आमच्या आष्टीत काशिनाथअप्पा एखाद्याच्या घरी पाणी प्यायला आले की समजावं, त्या घरात लवकरच काहीतरी कार्य आहे. लग्न, बारसं, वास्तुशांती, नाहीतर निवृत्ती. अप्पांना तहान लागलेली नसतेच. "तुमी कावून उठता, बसा, मी घेतो की," असं म्हणत ते सरळ स्वयंपाकघरात शिरतात, माठातून तांब्या भरून घेतात आणि सावकाश पीत पीत त्या घरात काय नाही ते बघून ठेवतात. कपाटाचं दार लागत नाही, डब्याचं झाकण हरवलंय, गाळणीला भोक पडलंय. तांब्या रिकामा होईस्तोवर आहेर ठरलेला असतो.

अप्पा आमच्या हायस्कुलातले कारकून. मूळचे धर्मापुरीचे, घराणं व्यापाऱ्यांचं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, खिशात एक लाल पेन, एक निळं पेन आणि शिंप्याची टेप. भाऊ अजून परळीला दुकान चालवतात. अप्पा नोकरीत आले, पण वस्तू पारखायचा दुकानदाराचा डोळा सोबत घेऊन आले. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवते, म्हणजे कागदोपत्री यंत्रांतलं मला कळायला हवं. पण झेरॉक्सचं मशीन बिघडलं की सगळे अप्पांनाच हाक मारतात. ते माहितीपुस्तिका काढतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि दुपारच्या सुट्टीच्या आत मशीन चालू करून देतात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आमच्याकडं आहेर म्हणजे टॉवेल-टोपी. या लग्नात आलेला टॉवेल त्या लग्नात द्यायचा, त्या लग्नातला आणखी तिसऱ्यात. मी दिलेला एक पिवळा टॉवेल दोन वर्षांनी माझ्याच घरी परत आला होता, घडीसुद्धा न मोडता. अप्पांना या प्रकाराचा मनस्वी राग. "वस्तू कामाला आली पायजे अन् नजरंला खुपली न्हाई पायजे," हे त्यांचं ब्रीद. दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. रोज डोळ्यासमोर राहणारी वस्तू कुरूप कावून असावी, असं ते विचारतात, आणि आपण जणू त्या कुरूपतेला जबाबदार असल्यासारखे बघतात.

माझ्या वास्तुशांतीला नऊ गणपती आणि पाच भिंतीवरची घड्याळं आली. अप्पांनी एक सागवानी स्टूल दिलं. सुरेख, कडा गोल केलेलं, उचलायला मधे खाच. वर सगळ्यांसमोर खुलासा केला, "बाई, तुमची उंची चार फूट अकरा. माळा लई वर हाय. रोज डब्यावर चढता, पडाल." माझ्या नवऱ्याला माझी खरी उंची लग्नानंतर बारा वर्षांनी अशी कळली. स्टूल मात्र मी रोज वापरते.

आमच्या शाळेचा शिपाई बिरू. त्याचे लोक मेंढरं राखणारे, पाली गावाकडं धरणाच्या अंगाला राहणारे. त्याच्या भावाच्या लग्नात अप्पांनी नवरदेवाला डोक्याला बांधायची बॅटरी दिली. अंधारात मेंढी व्यायला लागली की दोन्ही हात मोकळे पाहिजेत, हा विचार. नवरदेवाला ती इतकी आवडली की त्यानं मुंडावळ्यांवरच बांधली आणि वरातभर चालू ठेवली. फोटोत नवरी कुठंच दिसत नाही, नुसता उजेड दिसतो.

कळस झाला तो जुन्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभात. सरांचे गुडघे गेलेले, पण ते त्यांनी साऱ्या गावापासून लपवलेलं. शाल-श्रीफळ झालं आणि अप्पांनी व्यासपीठावर एक झाकलेली वस्तू आणून ठेवली. पडदा दूर केला तर आत कमोडची खुर्ची. चांगली भक्कम, हातांना रबर लावलेली. "सर, बसून बघा," अप्पा म्हणाले. सर बसले. न बसून सांगतात कुणाला? दहावीची पोरं खाली मान घालून हसत होती आणि सरांचा चेहरा बिटासारखा झाला होता. तीन महिन्यांनी सर बाजारात भेटले तेव्हा आजूबाजूला कुणी नाही असं बघून म्हणाले, "तुमचा अप्पा देवमाणूस आहे."

तीन महिने ही अप्पांची ठरलेली मुदत. भेट दिल्यावर तीन महिन्यांनी ते पुन्हा पाणी प्यायला येतात. "वापरता का?" एवढंच विचारतात. वस्तू खोक्यातच दिसली तर वाद घालत नाहीत, काखेत मारून घेऊन जातात आणि जिथं तिची गरज आहे अशा घरी पोचवतात. आमच्या इंग्रजीच्या सरांचा जेवणाचा डबा असाच गेला. सर अजून दबक्या आवाजात त्याला चोरी म्हणतात.

खरेदीला अप्पा नगरला जातात. एका झाकणाची चाळीस वेळा उघडझाप करतात. छत्री घ्यायची तर दुकानदाराला वरून बादलीभर पाणी ओतायला लावतात. आता मोबाइलवरूनही मागवतात, पण तिथं फक्त नावं ठेवलेली वाचतात. "कौतुक कुणीबी करतंय बाई. शिव्या वाचायच्या. शिव्यांत माल कळतो."

तर असे हे अप्पा यंदा निवृत्त व्हायचे होते, आणि त्यांना काय द्यायचं हा प्रश्न सबंध स्टाफरूमसमोर उभा राहिला. कुणी घड्याळ म्हणालं, कुणी विठ्ठलाची मूर्ती. इंग्रजीचे सर म्हणाले, माझा डबा परत आणून त्यांनाच द्या. मला हसू आलं, पण मनातून भीती वाटत होती. ज्या माणसानं इतक्या जणांच्या गरजा न सांगता ओळखल्या, त्याला आपण निरोपाच्या दिवशी टॉवेल-टोपीच दिली तर ती आमची नामुष्की होती. शेवटी ही कामगिरी माझ्यावर आली. मी ठरवलं, अप्पांचीच पद्धत. एका रविवारी सकाळी त्यांच्या घरी गेले आणि पाणी मागितलं.

अप्पा एकटेच राहतात. काकूंना जाऊन पाच वर्षं झाली. स्वयंपाकघरात मी तांब्या तोंडाला लावून सगळीकडं बघितलं आणि मला घाम फुटला. काही म्हणजे काही कमी नव्हतं. प्रत्येक डब्याला त्याचं झाकण, उलथन्याला खिळा, सांडशीला खिळा. मी हरून बाहेर आले, तेव्हा दिवाणाशेजारच्या फळीवर माझी नजर गेली.

सात खोकी होती. तपकिरी, कुरिअरनं आलेली, चिकटपट्टी जशीच्या तशी. प्रत्येकावर लाल पेनानं आवक तारीख घातलेली, शाळेतल्या टपालावर घालतात तशी. धूळ मात्र कणभर नव्हती. अप्पांच्या घरात न उघडलेली खोकी, ही गोष्ट मला पटेचना. मी विचारलं.

"म्हेशनं धाडलेत," अप्पा म्हणाले. महेश त्यांचा एकुलता मुलगा, पुण्यात नोकरीला. "दिवाळीला एक येतं, मधी एखादं. आला की उघडू. त्याच्या हातानं."

महेश काकूंच्या दिवसांनंतर आष्टीला आलाच नव्हता. अप्पाच वर्षातून एकदा दोन दिवस पुण्याला जाऊन यायचे. फोनवर जेवण, तब्येत आणि पाऊसपाणी, बस. मग ते आपणहून सांगत गेले. पहिल्या पगारात पोरानं बापासाठी काळा चष्मा आणला होता, भारीतला. अप्पांनी सवयीप्रमाणं विचारलं, याचं मला काम काय? आणि दुकानात परत करायला लावला.

"गेलता निमूट," अप्पा म्हणाले. "परत देऊन आला. काई बोलला न्हाई. त्यानं निदान भांडायचं तरी व्हतं माझ्याशी."

मग ते उठले आणि फळीवरून फडकं फिरवायला लागले. मला फार वाईट वाटलं. आणि मला भेटवस्तू सापडली होती.

अप्पा मस्टरवर पंजा टेकवून बसले असताना मी त्यांचा तळवा ओळींवर मोजला. साडेआठ ओळी. नगरला जाऊन तेवढ्या मुठीचा एक घडीचा चाकू घेतला, शिसवी मूठ, पितळेची खिट्टी. दुकानदाराकडून तीन रिकामी खोकी मागून त्यांवर चालवून बघितला. नव्या मुख्याध्यापकांनी नाक मुरडलं. धारेची वस्तू भेट देऊ नये, नातं तुटतं, म्हणाले. मी म्हटलं, सर, शाल तुमच्या हातानं द्या, चाकू माझ्या हातानं देते.

समारंभात अप्पांनी चाकू हातात घेतला, तीनदा उघडला, तीनदा मिटला. "धार बेस हाय. मूठ माझ्याच हाताची हाय." मग माझ्याकडं बघितलं. "पण हे मला कावून, बाई?"

"खोकी उघडायला," मी म्हटलं.

त्यांनी चाकू खिशात ठेवला. नंतर भाषणाला उभे राहिले आणि, तुमी लई केलं, एवढं बोलून खाली बसले.

तीन महिने मी कॅलेंडरवर खुणा करत काढले. मुदत भरली त्या दिवशी संध्याकाळी शाळा सुटल्यावर गेले. फळी रिकामी होती. पाय दाबायचं यंत्र दिवाणाखाली, पावलं मोजणारं घड्याळ अप्पांच्या मनगटावर. मी आनंदानं विचारलं, महेश आला होता का?

"न्हाई," अप्पा म्हणाले. "तुमी येणार व्हता. वापरता का म्हणून इचारलं असतं तर काय तोंड दाखवलं असतं? मीच उघडली."

मग त्यांनी कपाटातून पाच चिठ्ठ्या काढून माझ्या हातात दिल्या. खोक्यांतून निघालेल्या. पहिली चांगली पानभर. अप्पा, हे तुमच्या कामाचं आहे का माहीत नाही, पण उघडलं की लगेच फोन करा, कसं चालवायचं ते सांगतो, मला वेळच वेळ आहे. दुसरी अर्ध्या पानाची. तिसरीत चार ओळी. पाचवीत फक्त, फोन करा.

"खोकी सात होती ना?" मी विचारलं.

"शेवटच्या दोनीत चिठ्ठी न्हाई," अप्पा म्हणाले. घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करायला लागले. "मी त्याची वाट बघतोय अन् त्यो माझी. पहिलं खोकं आल्यापास्नं चार वर्षं, बाई. लोकांच्या घरात काय कमी हाय ते बघत फिरलो मी."

मी पाणी मागितलं. पाणी कशाला, चहाच घ्या, म्हणत ते आत गेले. ओट्यावर महेशनं पाठवलेली विजेची किटली होती. अप्पांनी पाणी भरलं, किटली लावली, दोन कप काढले. तेवढ्यात फोन वाजला. अप्पांनी आधी घड्याळात बघितलं, मग आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

"अप्पा, जमली का किटली आज?" महेश विचारत होता.

"कशाची जमती," अप्पा म्हणाले. "बटण कुठलं दाबायचं तेच ध्यानात येईना."

"अहो, काल सांगितलं ना, खाली मुठीजवळ."

"खाली दोन हायेत. कुठलं म्हणतो तू?"

मी वाकून बघितलं. किटलीला बटण एकच होतं. ते खाली दाबलेलं होतं, लाल दिवा लागलेला होता आणि पाणी आता खळखळायला लागलं होतं. अप्पांनी घाईनं एक हात फोनवर झाकणासारखा धरला आणि दुसऱ्या हातानं मला गप्प बसायची खूण केली. बटण टक्कन वर आलं, खळखळ थांबली, तसा त्यांनी फोनवरचा हात काढला.

"आज न्हाई जमायचं बाळा," ते म्हणाले. "उद्या याच टायमाला परत सांग."