गोळी, ऊन आणि शिवलिंगअप्पा

आमच्या शेजारचे शिवलिंगअप्पा दुसऱ्याचं औषध आधी स्वतः घेऊन बघतात. दुसऱ्याचं म्हणजे कुणाचंही. माझ्या मुलीला खोकला झाला तेव्हा मी औषधाची बाटली घेऊन जिना चढत होतो. अप्पांनी ती वाटेतच माझ्या हातातून घेतली, झाकणात थोडं ओतून तोंडात टाकलं, डोळे मिटून जिभेवर घोळवलं आणि म्हणाले, "द्या. चालतंय." एकदा गावाकडच्या म्हशीसाठी आणलेली पावडर त्यांनी अशीच चिमूटभर खाऊन बघितली होती. म्हशीला गुण आला की नाही कळलं नाही, पण अप्पा त्यानंतर दोन दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

याचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे. लातूरच्या बाजारात अप्पांचं तुरीचं अडत दुकान आहे. उभा जन्म पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, तिच्या नळीतून तळहातावर आलेले दाणे निरखायचे, एखादा दाढेखाली फोडायचा, की तिथल्या तिथे कळतं, तूर ओली आहे का, जुनी आहे का, कुणी काय मिसळलंय. "नमुना बघितल्याबिगर सौदा न्हाई," हे त्यांचं वाक्य आमच्याही घरात शिरलंय; आमटीत मीठ बघताना बायको तेच म्हणते. त्यांनी नवी गादी घेतली तेव्हा आधी दुकानातच तिच्यावर दुपारची झोप काढली होती. दुकानदार डोक्याला हात लावून बसला होता, पण अप्पांना उठवायची त्याची छाती झाली नाही.

मी मुळात काळजीखोर माणूस. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारा. माझ्यासारख्याच्या भिंतीला भिंत लावून हा मनुष्य राहतो, आणि मी चारचौघांत त्याचे किस्से हसत हसत सांगत असलो तरी आतून माझा जीव सारखा टांगणीला असतो. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी तर तो तुटायचाच बाकी होता.

झालं असं की महादेवीकाकूंच्या, म्हणजे अप्पांच्या बायकोच्या हातांवर कोडाचे डाग आले. आधी बोटांच्या पेरांवर, मग मनगटापर्यंत. हे दुखत नाही, खुपत नाही, एकाचं दुसऱ्याला लागत नाही. अप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. तरीही त्यांनी लातुरातले डॉक्टर सोडून नांदेडच्या डॉक्टरीणबाई गाठल्या, कारण इथल्या दवाखान्यातून बाहेर पडताना बाजारातल्या कुणी बघितलं तर? सोबतीला मला नेलं. नांदेडच्या दवाखान्यात शिरलो, तर बाकावर पहिलाच बसलेला माणूस लातूरचा, अप्पांच्या समोरच्या गाळ्यातला व्यापारी.

"तुम्ही हिकडं कुठं?" अप्पांनी विचारलं.

"गुरुद्वाऱ्याला आलतो दर्शनाला. तुम्ही?"

"आम्ही बी."

मग नंबर येईपर्यंत दोघंही भिंतीवरचं कॅलेंडर पाठ करत बसले.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं. ही गोळी एकटी काही करत नाही. ती पोटात गेली की कातडी उजेडाला हळवी होते. मग दोन तासांनी डागांवर कोवळं ऊन घ्यायचं, म्हणजे डागात हळूहळू रंग भरायला लागतो. पण तेच ऊन जास्त झालं तर कातडी भाजून निघते. म्हणून सुरुवातीला पाचच मिनिटं, तीही एक दिवसाआड. बाकीचं अंग झाकलेलं, डोळ्यांना काळा चष्मा, आणि नंतर दिवस मावळेपर्यंत सावलीत. "मनाने मिनिटं वाढवायची नाहीत," असं त्या अप्पांकडे बघून म्हणाल्या. त्यांना माणसांची पारख असावी.

परतीच्या एसटीत अप्पा गोळ्यांची पट्टी उलटसुलट करून बघत होते. लोहा गाव मागे पडल्यावर म्हणाले, "सर, पाच मिनिटांत काय व्हतंय? तूर वाळायला आठ आठ दिवस लागतेत." काकू खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचे हात पदराखाली होते.

त्यानंतर काकू काळा चष्मा लावून भाकरी थापताना दिसायला लागल्या. मला तेवढ्यावर हसता आलं असतं, पण एका सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो, तर शेजारच्या गच्चीवर अप्पा. बंडीवर, खुर्ची टाकून, काकूंचा फुलाफुलांच्या काड्यांचा चष्मा लावून बसलेले. डाव्या हाताला गोणपाटाचा तुकडा गुंडाळलेला आणि त्याला तीन चौकोनी भोकं पाडलेली.

"अप्पा," मी विचारलं, "गोळी खाल्ली की काय?"

"निस्ता नमुना."

"अहो, ती काकूंची आहे."

"म्हणून तर," ते म्हणाले. "हे भोक पाच मिनिटांचं, हे दहाचं, हे पंधराचं. पाच झाले की पहिलं झाकायचं. तिला जे काय व्हयाचं ते आधी मला व्हऊ द्या की."

मी कठड्यावरून वाकून हात जोडले. डॉक्टरीणबाईंचं एकेक वाक्य पुन्हा ऐकवलं. अप्पांनी शांतपणे तिसरं भोक झाकलं, खाली गेले, अंघोळ केली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले आणि अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून भर उन्हात स्कूटरवर बाजाराला निघून गेले. सावलीत बसायचं असतं, हे त्यांच्या हिशोबात फक्त पेशंटला लागू होतं.

संध्याकाळी त्यांनी माझ्या दारात येऊन हात पुढे केला. हातावर काहीच नव्हतं. "बघा. पंधरा मिनिटांच्या जागी बी काय न्हाई. माल चांगला हाय." दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंची गोळीची पाळी होती. अप्पा त्यांना काहीतरी बजावून दुकानाला गेले. मी कॉलेजला गेलो. दिवसभर वर्गात काय शिकवलं कोण जाणे.

त्याच्या पुढच्या सकाळी आमच्या दाराची कडी वाजली. दारात अप्पा होते, पण ओळखू यायला मला एक क्षण लागला. चेहरा कापलेल्या बीटासारखा, पापण्या सुजलेल्या, आणि लालभडक कपाळावर विभूतीच्या जागी तीन फिकट आडव्या रेघा तेवढ्या शाबूत. दोन्ही हात बाहीच्या काठापासून खाली सुजले होते. डाव्या हातावर पंधरा मिनिटांचा चौकोन फोड येऊन वर उचलला गेला होता.

मी नांदेडला फोन लावला. डॉक्टरीणबाई मला काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. सार एवढंच की हे भाजणं लगेच दिसत नाही. एक दिवस जातो, दोन जातात, मग वर येतं. आधी जवळच्या डॉक्टरला हात दाखवा, आणि आता उंबऱ्याबाहेर पडायचं तर डोक्यापासून पायापर्यंत झाकून.

अप्पा ऐकत होते. "दाण्यासारखं तिथल्या तिथं कळत न्हाई व्हय हे?" ते म्हणाले आणि माझ्या पायरीवर बसले. मग त्यांचा आवाजच बदलला. "सर, काल मी तिला पाव तास बसायला सांगितलं."

काकूंचे हात आज साधे दिसत असणार, जसे परवा संध्याकाळी अप्पांचे दिसत होते. उद्या काय? मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता काकूंना विचारू, सांगू. अप्पांनी माझं मनगट धरलं.

"न्हाई. तिला भेव घालू नका. लई मुश्किलीनं तयार झाली ती." मग त्यांनी मला कारण सांगितलं. उदगीरला पुतण्याच्या मुलीचं बारसं होतं. काकूंनी कुंकवाचा करंडा पुढे केला. वहिनींनी, म्हणजे अप्पांच्या थोरल्या भावजयीने, तो घेतला, बाजूला ठेवला आणि आतून दुसरा आणला. "तवापासून हिचे हात पदरात," अप्पा म्हणाले. "मला वाढताना बी. ताट ठिवती आन् हात आत. इतकी वर्षं त्या हातचं खाल्लं, सर. आता मलाच दिसू देत न्हाई. मला त्या डागाचं काय करायचंय?"

मला रडू आलं, ते मी खोकल्यात लपवलं. त्यांना घेऊन मी लातुरातल्याच त्या दवाखान्यात गेलो, जो चुकवायला आम्ही नांदेड गाठलं होतं. तिथे अर्धा बाजार बसला होता. अप्पांना त्याचं भानही नव्हतं.

मग सुरू झालं वाट बघणं. काकूंना सांगितलं, बाजारात ऊन लागलं. काकूंनी त्यांच्या कपाळाकडे बघितलं, गोळ्यांच्या पट्टीकडे बघितलं आणि भाकरी थापायला गेल्या. मी काही ना काही निमित्त काढून त्यांच्या घरी जात होतो. कधी साखर, कधी पेपर, कधी नुसताच. काकू चहा घेऊन आल्या की मी आणि अप्पा दोघंही कपाकडे न बघता त्यांच्या बोटांकडे बघायचो. लाली आली का? सूज आहे का? आम्ही जितके टक लावून बघायचो तितका काकूंचा पदर पुढे यायचा, आणि जितका पदर पुढे यायचा तितका अप्पांचा धीर सुटायचा. एकदा पाणी देताना काकूंनी पेला पदराच्या टोकात धरून दिला. अप्पांनी तो खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही असेच दोघं वाकून बघत असताना काकूंनी चहाचा ट्रे आपटलाच.

"काय बघायलात दोघं? डाग काय नवे हायत? ह्यांचं तर एक येळ ठीक हाय, सर, तुम्ही बी?"

मग अप्पांच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. नमुना, गोणपाट, तीन भोकं, पाव तास. काकू ऐकत राहिल्या.

"पाव तास कोण बसलंय?" त्या म्हणाल्या. "बाईनं पाच मिनिटं सांगितलती, मी पाच बसले आन् खाली आले. तुम्ही तुरीचे डॉक्टर. तुमचं ऐकून मी हात भाजून घेऊ?" आणि मग आवाज खाली आणून, "पट्टीतली गोळी कमी झालेली मला काय दिसत न्हाई?"

अप्पांनी डोळे मिटले. मी आयुष्यात इतका गार झालेला चहा इतक्या आनंदाने प्यायलो नव्हतो.

आजारी माणसाला बघायला आमच्याकडे सगळं गणगोत येतं. त्या रविवारी उदगीरहून वहिनीही आल्या, सोबत चार जणी. बैठक भरली होती. काकू दारातून अप्पांसाठी ताट घेऊन आल्या, भाकरी आणि वरण. ताट ठेवलं आणि हात आत गेले.

"मला खाता येत न्हाई," अप्पा म्हणाले. "तू भरव."

मी त्यांच्याकडे बघितलं. हातांवरच्या मलमपट्ट्या मनगटाच्या वर होत्या. बोटं मोकळी होती, आणि नुकताच त्याच बोटांनी त्यांनी माझ्या हातातला पेपर ओढून घेतला होता.

काकू जागीच थांबल्या. वहिनींकडे त्यांची नजर गेली आणि लगेच खाली आली. अप्पा सगळ्यांसमोर आ करून बसून राहिले. बराच वेळ झाला तरी तोंड मिटेनात, तेव्हा काकू जवळ बसल्या. पदरातून हात बाहेर काढला, भाकरी मोडली, वरणात भिजवली आणि घास त्यांच्या तोंडात दिला. अप्पांनी एक भाकरी संपवली, दुसरी मागितली. एरवी ते दीडच्या पुढे जात नाहीत. तिसरी मागितली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता.

"पुरे की आता," काकू हळूच म्हणाल्या. "पोट दुखंल."

अप्पांनी भरल्या तोंडानेच मान हलवली, घास कसाबसा गिळला आणि पुन्हा आ केला.